कापलेल्या कानाचा पासपोर्ट आणि कोटोरचं आखात

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. माझा एक कोपरा, म्हणजे माझा कानच, सरकारी कात्रीने कापलेला आहे आणि अंगावर रद्द झाल्याचा शिक्का आहे. पण लगेच हळहळू नका! रद्द झाल्यावर मी जे पाहिलं, ते भल्याभल्या पासपोर्टांच्या नशिबी नसतं.

माझा जन्म नागपूरचा, आणि मी शोभाबाईंचा. त्या वर्ध्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवायच्या. मी घरी आलो त्याच दिवशी त्यांनी मला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलं. छत्तीस पानं होती माझी. मला वाटलं, आता काय, देशोदेशीचे शिक्के! कसचं काय. दोनदा गेलो, दोन्ही वेळा जर्सी सिटीत, लेकीकडे. पहिल्यांदा सुजाताच्या बाळंतपणाला, दुसऱ्यांदा नात रीमाला सांभाळायला. खिडकीतून नदीपलीकडचं मॅनहॅटन दिसायचं आणि शोभाबाई धिरड्याचं पीठ भिजवत असायच्या.

तरी माझा मान होता, कारण सातव्या पानावर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता. माझी मुदत आधी संपली, त्याची नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला मी नव्या पासपोर्टाबरोबर जोडीने आलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्या कोऱ्या करकरीत साहेबांना बाजूला सारून व्हिसा माझ्यात शोधला. तेव्हा नव्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

या खेपेला सुजाताने आईला विचारलं, तुला स्वतःला कुठे जायचंय? ती पॅरिसची तयारी करून बसली होती. शोभाबाई म्हणाल्या, "मॉन्टेनेग्रो."

सुजाताने तो देश फोनवर शोधला. केवढासा तो! भूमध्य समुद्राच्या एड्रियाटिक नावाच्या फाट्यावर, डोंगर आणि पाण्याच्या मध्ये दाटीवाटीने बसलेला. शोभाबाईंच्या शाळेतल्या नकाशावर तो वेगळा दाखवलेलाही नव्हता. पण 'आखात म्हणजे काय' हे त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं, की एकदा तरी ते डोळ्यांनी बघायचंच होतं. त्यातून कोटोरचं आखात तर डोंगरांच्या पार आत शिरलेलं.

मग काय विचारता! शोभाबाईंनी दोनशे पानी वही घातली. कोटोरच्या तटबंदीच्या साडेतेराशे पायऱ्या. स्वेती स्तेफान नावाचं बेटावरचं गाव. झाब्ल्याकजवळचं काळं सरोवर. पेरास्तसमोरचं ते बेट, जे लोकांनी पाण्यात दगड टाकून टाकून उभं केलं म्हणतात. पायऱ्यांच्या सरावासाठी त्या लिफ्ट सोडून रोज जिन्याने नवव्या मजल्यावर येऊ लागल्या. रीमा पुढे धावत आकडे मोजायची आणि आजी धापा टाकत हसायच्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाच्या कामाला नाही, नुसतं बघायला निघाल्या होत्या.

आणि इथेच घोटाळा झाला. निघायच्या दिवशी सुजाता म्हणाली, पासपोर्ट पर्समध्ये घे. शोभाबाईंनी नवा घेतला. त्यांचा हिशोब सरळ होता: व्हिसा अमेरिकेत शिरायला लागतो, शिरून तर झालं, आता या म्हाताऱ्याला विश्रांती. जुन्या बॅटऱ्या पडलेल्या अडगळीच्या खणात मला टाकणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी मला कपाटावरच्या बुद्धमूर्तीच्या पायाशी, वंदनेच्या पुस्तकाखाली अलगद ठेवलं. मी ओरडून सांगणार तरी कसा?

दुपारी विमानतळावर काउंटरमागच्या बाईंनी अमेरिकेचा व्हिसा मागितला. तो दाखवला तरच मॉन्टेनेग्रोत प्रवेश होता. शिवाय परत येतानाही तोच लागणार होता. शोभाबाई म्हणाल्या, तुम्ही दोघी जा, मी घरी थांबते, माझं काय एवढं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी पुस्तकाखाली अंधारात पडलो होतो.

एवढ्यात दारात किल्ली फिरली. शेजारची मोनाली आली. ही नागपूरची, इथे एमएस करणारी, झाडांना पाणी घालायला किल्ली तिच्याकडेच होती. फोन कानाला लावून, सुजाता सांगेल ते खण तिने उपसले, पर्सेस झटकल्या. मग फोनमधून शोभाबाईंचा आवाज आला, "अगं मोनाली, बुद्धांच्या पायाशी बघ."

"मावशी, मिळाला! निघाले मी."

मी तिच्या हूडीच्या खिशात! टॅक्सी मिळाली, पण पुलावर गाड्या अडल्या. मोनाली दर मिनिटाला मला चाचपून बघत होती. माझं सातवं पान धडधडत होतं म्हटलं तरी चालेल. शेवटचा पल्ला ती धावतच गेली. काउंटर बंद व्हायला चार मिनिटं होती. काउंटरमागच्या बाईंनी मला उघडलं, सातवं पान पाहिलं आणि मान हलवली. सुजाता तिथेच आईच्या गळ्यात पडून रडली.

चौथ्या दिवशी आम्ही पेरास्तहून होडीने त्या बेटावर निघालो. दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये निळंशार, निवांत पाणी. शोभाबाईंनी फळ्यावर काढायच्या तशी आखाताची रेघ बोटाने हवेत काढली. मग त्यांनी मला पर्समधून काढलं, व्हिसाचं नव्हे तर एक कोरं पान उघडलं आणि समुद्राकडे धरलं.

"बघ रे बाबा," त्या म्हणाल्या, "तुझी पानं मीच कोरी ठेवली."

त्या पानावर शिक्का पडणार नव्हता. तिथे त्यांनी होडीचं तिकीट ठेवलं. ते अजून तिथेच आहे. आता जर्सी सिटीत मी आणि नवा, कोथिंबिरीच्या जुडीच्या रबराने एकत्र बांधलेले, बुद्धमूर्तीजवळ नांदतो.

मित्रांनो, जुनी वस्तू बाजूला ठेवण्याआधी ती एकदा उघडून बघा, तिच्या पोटात अजून काही जिवंत असेल. आणि घरी गेलात की आईचा पासपोर्टही उघडा. त्यातली कोरी पानं मोजा, आणि तिला विचारा, तुला कुठे जायचंय?