वाटाण्याचं लाल पान

मित्रांनो, मी डोंबिवलीतल्या एका बालवाडीची जुनी वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. माझी दोनशे पानं होती, आता एकशे नव्व्याण्णव आहेत. ते एक पान कसं गेलं, तेवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. वहीलाही राग येतो.

माझा जन्म कल्याणचा. तिथे कुंडलिक नावाचे एक बाइंडर होते. त्यांनी मला मेणाच्या दोऱ्याने शिवलं, पाठीला खळ लावली आणि दुकानात आलेल्या मंदाकिनीबाईंच्या हातात देताना म्हणाले, "बाई, ही फाटायची नाही. कोणी मुद्दाम फाडली तर गोष्ट वेगळी." तेव्हा ते दोघं हसले होते. मलाही ती थट्टाच वाटली होती.

मंदाकिनीबाई बालवाडीत शिकवायच्या. शाळा म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे थोडं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पिंपळ. बाई ऋतू पाहून शिकवत. पावसाळ्यात छत्र्यांच्या मुठीला, पुढे वर्षभर दप्तराला रंगीत लोकर बांधायची, कारण चार वर्षांच्या मुलाला नाव वाचता येत नाही पण आपली पिवळी लोकर ओळखता येते. भाद्रपदात शाडूचा गणपती. दिवाळीआधी अंगणात किल्ला, त्यावर हळीव पेरायचे. थंडीत वाटाणे सोलायचे, शिशिरात गळलेली पानं वेचायची, उन्हाळ्यात डोळे मिटून वास ओळखायचे, कैरी, वाळा, मोगरा. हे सगळं बाई माझ्यात निळ्या शाईने लिहून ठेवायच्या.

पण माझी खरी शान निळ्या शाईत नव्हती. बाईंची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. डाव्या पानावर निळ्या शाईत खेळ. समोरच्या पानावर लाल पेनाने एकच शब्द ठळक, 'फसलं', आणि खाली काय फसलं ते. 'शाडू आदल्या दिवशी मळला नाही. सोंडा गळून पडल्या, अर्धा वर्ग रडला.' 'किल्ल्यावर गहू पेरले. उगवायला वेळ लागला, मुलांनी उकरून पाहिले.' 'रडणाऱ्या मुलाला गप्प बस म्हटलं. आणखी रडला. हातात फडकं देऊन बाक पुसायला लावलं, थांबला.' बाईंची स्वतःवर चिडचिड व्हायची, म्हणून त्या लाल पेन फार दाबून धरायच्या. आणि त्या लाल पानानंतरचं पान त्या नेहमी कोरं सोडायच्या. म्हणायच्या, "हे माझ्यानंतर येईल तिच्यासाठी. तिचंही काहीतरी फसेलच की."

मला कोणी उत्तम अक्षराची वही म्हटलं नाही कधी. पण ठाण्याहून, कल्याणहून शिक्षिका यायच्या आणि माझी लाल पानं उतरवून घ्यायच्या. निळी पानं कुठेही मिळतात हो, एकजण म्हणाली होती, ही लाल कोण देतं? त्या दिवशी माझा पुठ्ठा ताठ झाला होता.

शाळेत बाईंच्या जोडीला शेवंतीमावशी होत्या. शहाडहून यायच्या. मुलांचे हात धुणं, नाकं पुसणं, चपला लावणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांना वाचायला वेळ लागायचा, अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या. पण माझी लाल पानं त्यांना तोंडपाठ होती, कारण त्यातली बरीचशी फजिती त्यांनीच निस्तरलेली होती.

वाटाण्याचं लाल पान लिहिलं गेलं तो दिवस मला आठवतो. सगळा वर्ग एकदम वाटाणे सोलायला बसवला होता आणि एका मुलाने दाणा नाकात घातला. बाई आणि मावशी त्याला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे धावल्या. संध्याकाळी बाईंनी लिहिलं, 'फसलं. वाटाणा नाकात. एका वेळी तीनच मुलं. मावशी समोर. बाकीची गाण्याला.' मित्रांनो, त्या दिवशी पेन इतकं दाबलं होतं की खालच्या कोऱ्या पानावर वळ उठले.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ, मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला आसावरी टीचरच्या हातात दिलं. आसावरी तेव्हा नवी होती. तिचे डोळे भरून आले होते. "बाई, मी जिवापाड सांभाळेन," ती म्हणाली. "सांभाळू नकोस, लिही," बाई म्हणाल्या. "कोरी पानं तुझी आहेत."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. कोणीही ठेवला असता. ती मला घरी न्यायची, टिटवाळ्याला, आणि चहा पिताना वाचायची. माझ्यावर चहाचा एक डाग आहे तो तिचाच, आणि खरं सांगते, मला तो आवडायचा. मी वाट पाहत होते की ती लाल पेन कधी उघडते. तिने ते उघडलंच नाही. तिचं काही फसलं नाही असं नव्हतं. ते लिहायला ती कचरत होती.

मग शाळा नव्या टॉवरमध्ये गेली. पिंपळ मागे राहिला, पण फार लांब नाही, खिडकीतून दिसतो. रचना मॅडम नव्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी आसावरीला सांगितलं की आपल्या शाळेचं स्वतःचं पुस्तक हवं, पालकांना देता येईल असं. आसावरीने मला समोर ठेवून ते लिहिलं. माझी सगळी निळी पानं त्यात गेली. लाल एकही गेलं नाही. 'बारा महिने, बारा खेळ' असं नाव आलं, आणि खाली 'लेखन आणि संकल्पना, आसावरी टीचर'.

बाईंचं नाव कुठेच नव्हतं. मी अख्खं पुस्तक शोधलं, म्हणजे माझ्याशेजारी ते ठेवलं होतं तेव्हा जेवढं डोकावता आलं तेवढं. पहिल्यांदा वाटलं, छपाईत राहिलं असेल. माणसावर विश्वास टाकला की आपणच त्याच्यासाठी सबबी शोधायला लागतो.

पुस्तक पालकांना द्यायचं तो दिवस जानेवारीतला होता. फोटोसाठी वाटाणे सोलण्याचा खेळ ठरला. बावीस मुलं, एकच मोठं गोल रिंगण, मधे हिरव्या शेंगांचा ढीग.

"टीचर, बाई तीन-तीन पोरं बसवायच्या," शेवंतीमावशी म्हणाल्या. "बाकीची गाण्याला धाडायच्या. वहीत लिवलंय."

"मावशी, फोटोत सगळे पाहिजेत ना," आसावरी म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही जरा गेटवर जा, बॅनर वाकडा झालाय तो सरळ करा."

मावशी गेल्या. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं त्यांनी. फोटो छान आला. आणि सान्वी नावाच्या मुलीच्या नाकात वाटाणा गेला.

डॉक्टरांनी तो दहा मिनिटांत काढला. सान्वी नंतर बिस्कीटही खात होती. पण तिची आई घाबरली होती, आणि घाबरलेली आई चिडते. तिने ऑफिसात येऊन विचारलं, "मुलांकडे बघायला कोण होतं?"

माझा मुक्काम तेव्हा ऑफिसच्या टेबलावर, आसावरीच्या पर्सखाली होता. मी सगळं ऐकलं. आसावरी म्हणाली, "शेवंतीमावशी असतात मुलांजवळ. त्या जागेवर नव्हत्या."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हेच मला अजून टोचतं.

सान्वीची आई गेल्यावर मावशींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला टीचरनी गेटवर पाठवलेलं. आणि मी बोललेली त्यांना, तीन-तीन बसवा. बाईंच्या वहीत लाल अक्षरात हाय, बघा तुम्ही."

रचना मॅडमनी आसावरीकडे पाहिलं. "आहे का तसं काही?"

"बघायला लागेल," आसावरी म्हणाली. "वही वर्गात राहिलीय. आणते."

मी वर्गात नव्हते. मी तिच्या पर्सखाली होते. तिने मला पर्सच्या आड दडवून उचललं, रिकाम्या वर्गात नेलं, वाटाण्याचं पान उघडलं आणि एक हात माझ्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताने ते लाल पान फाडलं. अगदी शिवणीतून, हळू, मागे चिठोरा राहू नये म्हणून. जिने मला जिवापाड सांभाळायचं कबूल केलं होतं तिचाच हात. कुंडलिक बाइंडरची थट्टा खरी झाली.

मग तिने मला नेऊन मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी पाहिलं. डावीकडे निळ्या शाईत वाटाणे सोलणे, उजवीकडे कोरं पान. संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं, कोरी पानं माझ्यात जागोजागी होतीच. मावशीही वाकून पाहत होत्या. त्यांनी कोऱ्या पानावर बोट ठेवलं, एकदा वर, एकदा खाली, जणू अक्षरं पुसली गेली असतील तर बोटाला तरी लागतील.

"होतं," त्या म्हणाल्या. "होतं हो इथं."

शेवंतीमावशींना दुसऱ्या दिवसापासून यायला नको म्हणून सांगितलं. मित्रांनो, मला फाडलं याचं दुःख मी गिळलं असतं. पण मला साक्षीला उभं करून माझ्याच तोंडून मावशींना खोटं पाडलं, हे मला गिळता येत नाही.

शिवलेल्या वहीचं असं असतं की एक पान गेलं की त्याच्या जोडीचं पान सैल होतं. माझं गणपतीचं पान लोंबायला लागलं. आसावरी मला आता घरी नेत नव्हती, माझ्याकडे पाहतही नव्हती. महिन्याभरात कपाट आवरताना तिने मला पाठकोऱ्या कागदांच्या खोक्यात टाकलं. मुलांना रेघोट्या मारायला जे कागद देतात, ते खोकं. खाली विजेची जुनी बिलं, वर मी.

फेब्रुवारीत पिंपळाची पानं गळायला लागली. पुस्तकातला पुढचा खेळ तोच होता. कागदाखाली पान ठेवायचं, वरून मेणाचा खडू आडवा धरून हलकेच घासायचा, की पानाच्या शिरा कागदावर उमटतात. मुलं खोक्याभोवती जमली. सान्वीला माझी लाल पाठ आवडली असावी. तिने मला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. मी उघडले ते आपोआप फाटलेल्या जागी उघडले. तिने त्या कोऱ्या पानाखाली पिंपळाचं पान सरकवलं आणि तपकिरी खडू घासू लागली.

आधी शिरा आल्या. मग शिरांच्या मधून काहीतरी पांढरं यायला लागलं. बाईंनी दाबून लिहिलेले ते वळ. खडू खोलगट जागी लागत नव्हता आणि तिथे अक्षरं राहत होती.

"टीचर," सान्वी म्हणाली, "माझ्या पानात अक्षरं आली. हा नळाचा न."

आसावरी आली आणि वाकली. 'वाटाणा नाकात. एका वेळी तीनच मुलं. मावशी समोर.' ती तिथेच छोट्या खुर्चीत बसली. सान्वीने विचारलं, "मावशी कधी येणार? माझ्या दप्तराची लोकर सुटलीय." आसावरीचा हात माझ्या त्या पानाच्या कोपऱ्यावर होता. मी म्हटलं, झालं, हेही गेलं. एकदा ज्या हाताने फाडलं तो दुसऱ्यांदा का कचरेल?

वर्ग सुटला. तिचा हात अजून तिथेच होता. मग तिने पर्समधून लाल पेन काढलं आणि बाईंच्या उमटलेल्या अक्षरांच्या खाली लिहिलं. 'फसलं. बावीस मुलं एकदम बसवली. मावशीने सांगितलं होतं. तिला मीच गेटवर पाठवलं. आधीचं पान मी फाडलं.' खाली सही केली. दाबून लिहिलं, पार खालच्या पानाला लागेल इतकं. मला उचलून ती मॅडमच्या ऑफिसात गेली. तिथे काय काय झालं ते सांगण्यात मला रस नाही. तिला बोलणी बसली, बसायलाच हवी होती. सान्वीच्या आईला खरं कळवलं. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींवर बाईंचं नाव हाताने लिहिलं गेलं, आणि वाटाण्याच्या पानावर लाल चिठ्ठी चिकटली.

दुसऱ्या दिवशी आसावरी मला घेऊन शहाडला गेली. शेवंतीमावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी 'या' म्हटलं नाही. आसावरीने मला उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, मी चुकले. खूप वाईट वागले."

मावशींनी हात पदराला पुसले. अक्षरावर बोट ठेवून, एकेक करत, त्यांनी आधी बाईंचं वाचलं, मग आसावरीचं. बराच वेळ लागला.

"बोटाला लागत होतं मला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच लागलेलं. पण माझं कोण ऐकतं?" मग सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "सोमवारी येते. पण पोरं तीन-तीनच बसतील."

मावशी परत आल्या. सान्वीची लोकर बांधली गेली. त्या मोठ्या मनाच्या आहेत. मी कागदाची आहे, मला तेवढं जमत नाही. आसावरी आता मला रोज उघडते, लिहिते, गणपतीचं सुटलेलं पान तिने चिकटवूनही दिलं. तरी तिचा हात पाठीवर आला की माझी शिवण अजून आवळते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एखादी वही असेल तर तिला कव्हर नाही घातलंत तरी चालेल. चहा सांडला तरी ती काही म्हणणार नाही. पण जिथे तुमचं चुकलं असेल ते पान फाडू नका. ते फाडताना तुमच्या हाताखाली नुसता कागद नसतो. कुठेतरी एक बाई कोऱ्या पानावर बोट फिरवत असते, आणि तिचं म्हणणं खरं असतं.