अविधवा नवमीचं पाणी

बापूसाहेबांना सगळं पुरुषसूक्त अजून पाठ होतं, फक्त बायकोचं नाव आठवत नव्हतं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी अनसूयाबाईंना समजावलं होतं की आठवणी एकाच पेटीत नसतात. जिभेला लागलेलं वळण वेगळं, माणसांची ओळख वेगळी, सकाळी काय खाल्लं ते आणखी वेगळं. एक जातं, एक राहतं. "रोज थोडं थोडं शिकवा," असं सांगून ते मोकळे झाले. सात महिने अनसूयाबाई रोज चहाबरोबर विचारत होत्या, "सांगा बरं, मी कोन?" आणि बापूसाहेब संकोचून म्हणत, "तुमी स्वयंपाकाच्या बाई नं?" पालथ्या घड्यावर पाणी. त्या हसून साजरं करत आणि मोरीत जाऊन रडत. एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं.

बापूसाहेबांची भिक्षुकी मात्र त्यांनी बंद पडू दिली नाही. मंत्र म्हणताना तरी ते पूर्वीचे बापूसाहेब व्हायचे.

पितृपक्षातल्या अविधवा नवमीला चांदूर बाजारच्या शेखररावांकडे त्यांच्या पत्नीचं, शकुनचं, श्राद्ध होतं. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा हा दिवस. जेवायला सवाष्ण लागते, म्हणून अनसूयाबाईही गेल्या. नाव-गोत्राची चिठ्ठी त्यांनी बापूसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

बापूसाहेब घडाघडा सांगत होते, शेखरराव मागून म्हणत तिळाचं पाणी सोडत होते. पत्नीच्या नावाची जागा आली. बापूसाहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून, स्वच्छ आवाजात म्हणाले, "अनसूया."

 अनसूयाबाईंनी सात महिने ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं, आणि मेलं मिळालं कुठं! शेखररावांचा हात थांबला होता. समोर बसलेल्या सवाष्णीच्या नावानं पाणी सोडायचं कसं? आणि शकुन बिचारी तहानलेली राहायची.

"चिठ्ठीतलं घ्या नं. शकुन," शेवटी अनसूयाबाईच म्हणाल्या.

"शकुन," बापूसाहेब मुकाट्यानं म्हणाले आणि पुढचा मंत्र सुरू झाला.

परतताना एसटीत बापूसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. मग वळून म्हणाले, "बाई, तुमाले माहीत असन. अनसूयेले जाऊन किती दिवस झाले?"

"कुठी नाई गेली थे. घरीच हाये," अनसूयाबाई म्हणाल्या.

"मंग मले दिसत काहून नाई?"

 अनसूयाबाईंनी त्यांचा हात धरला. बापूसाहेबांनी तो हळूच सोडवून घेतला. परक्या बाईचा हात त्यांनी जन्मात कधी धरला नव्हता.