सानशिदर

मंजुळाबाईचा नवरा उखर्डू बसऱ्याच्या लढाईत मजुरीला गेला आणि परतताना बोटीवरच तापाने गेला. देह समुद्रात सोडला. त्याच्याबरोबर गेलेला वना तेवढा पिंपळनेरकडच्या आपल्या गावी परतला. उखर्डूच्या ओट्यावर बसून त्याने मंजुळाबाईला सगळं सांगितलं.

"वहिनी, बोटनं नाव सान इसिद्रो. गोवाना खलाशी सांगे, स्पेन देशना एक संतनं नाव शे ते. सालदार व्हता, दुसरान्या वावरमा राबे. तो देवनं नाव लेत बसे, आन देवदूत त्यान्हा नांगर हाकेत."

ना राख, ना अस्थी. मंजुळाबाईच्या हाती ते नावच उरलं. तिने ते नाल्याकाठच्या आपल्या वावराला दिलं. गावाच्या जिभेवर त्याचं 'सानशिदर' झालं. मग सानशिदरची विहीर, सानशिदरची वाट. तिच्या पांढऱ्या बैलालाही पोरं सानशिदरच म्हणू लागली. उठताबसता जो तो तेच नाव घेई.

पुढच्या उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी, भर दुपारी बैल लिंबाखाली बांधून ती विहिरीवर पाणी प्यायला गेली. मागून हाकारा आला. घोगरा आवाज उखर्डूचाच, शेवटी खोकल्याची उबळ. वळून पाहते तर बैल जुंपलेले, नांगर चालतोय, मागे कुणी नाही. फाळ मात्र खोल रुतलेला, रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर, कुणी अंगाचा भार टाकल्यासारखा.

धावत जाऊन तिने वनाला वावरात आणलं. नांगराचे ताजे सरळ तास बघून त्याचा चेहरा उतरला.

"इतला जन ते नाव लिसन बलावतस, वहिनी. मानूस येवावच."

दुसऱ्या दुपारी वना बांधावर येऊन बसला, पण पुन्हा तेच. आता खोकला वाढला होता. मंजुळाबाईची भीती कुठल्या कुठे गेली. जिता होता तोवर राबला, आता मेल्यावरही आपणच त्याला जुंपलं!

ती नांगराबरोबर चालू लागली. रुमण्यावर हात ठेवला. लाकूड गार, ओलं होतं.

"आते बस करा," ती म्हणाली. "मन्हं वावर मी नांगरसू. तुम्ही जा."

बैल थांबले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळव्याखालचा भार हळूहळू उतरला आणि रुमणं हलकं झालं.

तिने बैलांना हाकारलं. तास वाकडेतिकडे पडत होते. वना मदतीला निघाला, तर तिने हात करून त्याला बांधावरच थांबवलं.