तिसरा परीक्षक

तिलेकनं मोठ्या दालनाच्या रकान्यातली पिवळी चिठ्ठी उपटली आणि छोट्या दालनाच्या रकान्यात चिकटवली.

"हे म्हणजे मेजवानीत मानाप्रमाणे मटणाची हाडं वाटण्यासारखं आहे," तो म्हणाला. "चुकीचं हाड चुकीच्या पाहुण्यापुढे गेलं, की तो मेल्यावर खांदा द्यायलाही यायचा नाही."

मीरिमनं ती चिठ्ठी काढून पुन्हा मोठ्या दालनात लावली. बिश्केकची ओपन सोर्स, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरची, परिषद तीन आठवड्यांवर आली होती. फळ्यावर दोन दिवसांच्या मिळून सव्वीस जागा होत्या आणि बोलायची इच्छा एक्क्याण्णव जणांना होती. निवड संपली होती, होकार-नकाराच्या मेल कालच गेल्या होत्या. कुणी किती वाजता बोलायचं एवढंच आता ठरवायचं होतं. तिलेकच्या मते खरे रुसवेफुगवे त्यातच होते.

"उद्घाटनाला बाता कोण देणार?" त्यानं विचारलं.

"शार्शेन अगाय. आणखी कोण?"

यावर वाद नव्हता. वडीलधाऱ्यानं तळवे पसरून बाता, म्हणजे आशीर्वाद, दिल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही, दुकान उघडत नाही, मग परिषद कशी सुरू होईल? अगाय म्हणजे सर, आणि शहरातल्या निम्म्या प्रोग्रामरांना शार्शेन अगायनीच शिकवलेलं होतं. मीरिम तर चार वर्षं त्यांच्या पहिल्या बाकावर बसली होती.

तिलेक लॅपटॉपवर यादी चाळत होता. निकाल लागल्यामुळे प्रस्तावांपुढची झाकलेली नावं आता दिसू लागली होती. सरकवता सरकवता त्याचं बोट थांबलं. मीरिम मोठी, म्हणून तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

"एजे, अगायनी पण प्रस्ताव पाठवला होता."

"कुठे आहे?"

"नाकारलेल्यांत. सत्तेचाळीस नंबर."

मीरिम त्याच्या मागे येऊन उभी राहिली. 'एका जुन्या सॉफ्टवेअरची निगा.' पहिल्या परीक्षकाचे पाचपैकी चार गुण, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचा एक. तिसरी परीक्षक ती स्वतः होती.

नावं झाकायचा नियमही तिचाच. आमच्याकडे माणूस भेटला की आधी विचारतात, कुणाचा, कुठल्या गावचा, आजोळ कुठलं. मग तो काय म्हणतो ते ऐकतात. दोन वर्षांपूर्वीच्या परिषदेत अर्धे वक्ते एकमेकांचे मेहुणे निघाले, तेव्हा मीरिम समितीशी भांडली आणि नियम करून घेतला. प्रस्तावावर नाव नको, ओळख पटेल असा शब्दही नको. लोक हुशार असतात. 'गेल्या वर्षी याच व्यासपीठावर मी म्हटल्याप्रमाणे' असं कुठेतरी घुसवून देतात. अगायनी मात्र नियम अक्षरशः पाळला होता. सॉफ्टवेअरचं नाव नाही, शाळांचा उल्लेख नाही, काहीच नाही. त्यामुळे तो मजकूर इतका कोरडा झाला होता की तो कुणाचाही असू शकला असता.

तिनं स्वतःचा शेरा उघडला. एका बैठकीत वाचलेला तो अडतिसावा प्रस्ताव होता, आणि ते शेऱ्यावरून कळत होतं. 'दुसरा आणि चौथा परिच्छेद एकच आहे. पाठवण्याआधी निदान लेखकानं तरी वाचावं. एखादी गोष्ट पंचवीस वर्षं चालली हा तिचा गुण नव्हे. लेखकाला श्रोत्यांकडून काहीतरी हवं आहे, पण ते तो सांगत नाही. ठरलं की यावं.'

"हे त्यांना गेलं?" तिनं विचारलं.

"शेरे आपोआप जातात. तुम्हीच सांगितलं होतं तसं करायला." तिलेकनं तिच्याकडे बघायचं टाळलं. "नाव जात नाही. फक्त 'तिसरा परीक्षक'."

तिला लाज वाटली. एक गुण दिल्याची नाही, तो तिनं आजही दिला असता. सहा वर्षांत ती अगायच्या घरी गेली नव्हती. गेली असती, त्यांचं काय चाललंय ते माहीत असतं, तर नावाशिवायही ओळखलं असतं.

"दोन कळा दाबायचं काम आहे," तिलेक म्हणाला. "रविवारी पाचला, छोट्या दालनात. ती नारिनकडची जिबेक काठावर पास झालीय. तिला पुढच्या वर्षी घेऊ, तिची वेळ अगायना देऊ."

"तिला होकार गेलाय."

"गेलाय खरा. दहा मिनिटांत उत्तरही आलं. आईला बरोबर आणू का, विचारतेय."

जिबेक खेड्यातल्या ग्रंथालयांत जुने संगणक दुरुस्त करून बसवत होती, आणि तिला या शहरात ओळखणारं कुणी नव्हतं. नियम तिच्यासारख्यांसाठीच केला होता. पण ज्या माणसाला आपण आपल्या हातानं दारातून परत पाठवलं, त्यालाच आशीर्वाद द्यायला बोलवायचं तरी कुठल्या तोंडानं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मी जाऊन येते," ती म्हणाली आणि तिनं कोट उचलला.

अगाय सातव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहत. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. बुरूल-एजेनं तिला जवळ घेतलं, गालाचा मुका घेतला आणि लगेच टोमणाही मारला.

"वाट सापडली का गं? मला वाटलं रस्ते बदलले."

टेबलावर तळलेले बोरसोक, जर्दाळूचा मुरंबा आणि चहा आला. अगाय खिडकीजवळ संगणकापुढे बसले होते. पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी मोठी केलेली होती, तरी ते डावा डोळा पुढे करून वाचत होते.

"अगाय, परिषदेला बाता तुम्हीच द्यायची," मीरिम म्हणाली.

"देईन की. बरं, मला तुमचं पत्र आलं."

"माहीत आहे."

"पहिला म्हणतो, 'अत्यंत आदरणीय विषय.' दुसरा म्हणतो, 'आजच्या काळाची गरज.' चार-चार गुण." त्यांनी बोरसोक मोडून अर्धा तिच्यापुढे सरकवला. "माझ्याकडून एक परिच्छेद दोनदा चिकटवला गेला होता. मला दिसला नाही. उजवा डोळा गेला, डावा दुपारपर्यंत चालतो. त्या दोघांचे चारही डोळे धड असतील ना? त्यांनाही दिसला नाही. न वाचताच चार गुण दिले."

मीरिमनं बोरसोकचा तुकडा मुरंब्यात बुडवला.

"तिसऱ्यानं वाचलं. एवढंच नाही, मी काहीतरी लपवतोय हेही त्याला कळलं." ते थांबले. "शाळांची वेळापत्रकं लावायचं माझं ते सॉफ्टवेअर आठवतं? तू शिकत असताना बारा शाळा वापरायच्या. आता तीनशे दहा वापरतात. ऑगस्ट उजाडला की फोन थांबत नाही. यंदा तलासच्या एका शाळेसाठी मी दुरुस्ती करून दिली आणि आकडा चुकीचा वाचला. एकाच बाईंना एकाच वेळी दोन वर्ग. पहिलीची पोरं आठवडाभर व्हरांड्यात बसून होती. हेडमास्तरांनी मला कळवलंही नाही, वाईट वाटेल म्हणून."

"अगाय..."

"हे कुणीतरी माझ्या हातून घ्या, एवढंच मला तिथे उभं राहून सांगायचं होतं. लिहायला बसलो तर पंचवीस वर्षांचा इतिहास लिहून काढला. मागायची सवय नाही ना."

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली होती. बुरूल-एजे ऐकत होती.

मीरिमनं पेला खाली ठेवला. "रविवारी पाचला छोटं दालन मिळू शकतं. मी करून देते, अगाय."

"रिकामं आहे?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "नाही. नारिनची एक मुलगी आहे. पहिल्यांदाच बोलणार आहे."

"तिला उठवून मी बसू? आणि सकाळी त्याच तोंडानं बाता देऊ?" त्यांचा आवाज चढला नाही, पण चार वर्षं ज्या आवाजाला ती वचकून होती तोच तो होता. "नियम कुणी केला मला ठाऊक नाही. ज्यानं केला त्याला सांग, मोडू नको म्हणावं."

"बरं."

"त्या तिसऱ्याला तू ओळखतेस?"

"ओळखते. पण नाव सांगता येत नाही."

"नकोच सांगू. तो घेईल का माझं काम?"

मीरिमनं मनाशी हिशेब केला. तीनशे दहा शाळा, दर ऑगस्टला फोन, आणि तिची नोकरी, तिची दोन मुलं, ही परिषद.

"कामात असतो तो," ती म्हणाली. "आणि जिभेचा कडू आहे."

"कडूच हवाय. गोड बोलणारे पुष्कळ झाले, त्यातल्या एकानंही कधी आत डोकावून बघितलं नाही."

"फोनवर हेडमास्तरांना ओरडला तर?"

"ओरडू दे. पोरं वर्गात बसली म्हणजे झालं."

बुरूल-एजे येऊन न विचारता चहा ओतून गेली. खालच्या अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं. तो आवाज बराच वेळ येत राहिला, आणि अगायनी तिला घाई केली नाही.

"घेईल तो," मीरिम म्हणाली.

अगायनी मान हलवली. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं आणि सॉफ्टवेअरची सूत्रं सोपवायचं पान शोधून काढलं. वेळ लागला. ती मदतीला उठली नाही, आणि त्यांनाही ते आवडलं असावं. शेवटी पानावर एक रिकामी चौकट आली. नवीन सांभाळणाऱ्याचं नाव तिथे भरायचं होतं.

ते खुर्चीतून उठले, तिला तिथे बसवलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"त्याचं नाव तू घाल. मी बघत नाही."

मीरिमनं स्वतःचं नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं, ते पुसून पुन्हा लिहिलं.

"झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"झालं, अगाय."

"त्याला माझा निरोप दे. म्हणावं, एक गुण दिलास तो बरोबरच दिलास." खिडकीच्या कट्ट्यावरची त्यांची बोटं किंचित हलली. "आणि म्हणावं, आता सहा-सहा वर्षं गायब व्हायचं नाही."

"सांगते," मीरिम म्हणाली.