सोनेरी टोपीचा खांब

"वर्लाकाकू, आपल्या झेंड्याच्या खांबाला पेट्रोलचा वास का येतो?"

प्रश्न विचारून कोरिना उभीच राहिली. तिच्या मैत्रिणीने, जेलिनने, पैज लावतानाच बजावलं होतं, "विचारायचं आणि उभं राहायचं. बसलीस की हरलीस!" हरणारीने महिनाभर दुसरीच्या घरचं कोंबड्यांचं खुराडं साफ करायचं होतं, आणि जेलिनच्या घरी कोंबड्या फार.

आगीचा बंब बाहेर काढून त्याच्या शेडमध्ये गावसभा भरली होती. सगळी शेड खो खो हसली. म्हातारे आल्विन आजोबा मागून ओरडले, "देशभक्तीचा वास आहे तो, पोरी!"

गेल्या वर्षीची कोरिना ऑप असती, तर तिथल्या तिथे जमिनीत शिरली असती. वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी केसांचा पडदा ओढून घेणारी मुलगी ती. पण हिवाळ्यात बास्केटबॉलच्या सामन्याला घोषणा करणाऱ्या सरांचा घसा बसला, कुणीतरी हिच्या हातात माईक कोंबला, आणि हिला आपला आवाज सापडला. तो पुन्हा हरवायचा तिचा मुळीच इरादा नव्हता.

"हसा," ती म्हणाली. "दर सोमवारी झेंडा मी चढवते. ऊन तापलं की नाक दाबून चढवते."

नगराध्यक्षा वर्ला मेलहाफ मात्र हसली नाही. एरवी ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे गावातलं एकूण एक पोर खरं कधी बोलतं आणि थापा कधी मारतं, हे तिला आरशातूनही कळायचं.

"मी लहान असताना त्या खांबाच्या कोपऱ्यावर पेट्रोलपंप होता," ती हळूच म्हणाली. "पंप गेले, इमारत पाडली. पण जमिनीतली टाकी बाहेर निघालेली कुणी पाहिली का रे?"

शेडमधल्या माना नकारार्थी हलल्या. तिसऱ्या रांगेत डेल ऑप, म्हणजे कोरिनाचे बाबा, टोपी हातात चुरगाळत बसले होते. त्या संध्याकाळचा पुढचा विषय त्यांचाच होता. आपल्या कॅफेशेजारचा तोच कोपरा गावाकडून विकत घ्यायचा, बाहेर टेबलं मांडायची, हे स्वप्न ते कित्येक वर्षं उराशी धरून होते. वर्लाकाकूंनी विषय पुढे ढकलला. जेलिनने लांबूनच दोन्ही अंगठे वर केले. पैज जिंकली होती, पण कोरिनाची नजर बाबांच्या चुरगाळलेल्या टोपीवर होती.

घरी जाताना पिकअपमध्ये बाबांनी टोपी समोर फेकली. मग म्हणाले, "एक महिना दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तर टाकी आपली झाली असती, बाबा."

"टाकी असलीच तर! वाळू भरून बुजवली असेल केव्हाच. आता राज्याची माणसं येणार, दोऱ्या बांधणार, बिल पाठवणार. कोपरा तर गेलाच, कॅफेलाही कुलूप लागतंय की काय बघ."

रात्रभर तिला ते कुलूप दिसत राहिलं.

राज्याच्या पर्यावरण खात्यातून स्वोबोडाबाई आल्या. उंच बूट, आवाज खणखणीत. कोपऱ्यावरचं पेटुनियाच्या फुलांचं पिंप त्यांनी सरकवलं, पायाने माती उकरली, तर खाली लोखंडी झाकण! आकडे कोरलेली लांब काठी घेऊन तिच्या टोकाला त्यांनी सोनेरी पेस्ट फासली आणि काठी आत सोडली. वर आली तेव्हा टोक लालभडक.

"लाल म्हणजे पाणी झिरपलंय," त्या म्हणाल्या. काठी त्या लाल टोकाच्या वरही ओली होती, आणि तो वास घ्यायला नाक जवळ न्यायचीही गरज नव्हती. "आणि पाण्यावर तरंगतंय ते पेट्रोल. वाळूबिळू काही नाही."

मग त्यांनी झेंड्याच्या खांबावर टकटक केलं. खांब घुमला.

"ह्याला खांब कुणी म्हटलं? ही टाकीची श्वासनळी आहे. टाकीतली वाफ हिच्यातून बाहेर पडते."

गावकऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पंप पाडला तेव्हा ही नळी तेवढी उभी राहिली होती. गावाला झेंड्याचा खांब हवाच होता. नळीला कप्पी लावली, वरच्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या टोपीला सोनेरी रंग फासला, झालं! नळी बुटकी, त्यामुळे झेंडा नेहमी शोकात अर्ध्यावर उतरवल्यासारखा खाली. येणारा जाणारा टोपी काढून विचारायचा, "कोण गेलं हो?" आणि गाव चिडायचं, "कुणी गेलं नाही, आमचा खांबच तेवढा आहे!"

"बिल कुणाच्या नावावर फाडणार?" बाबांनी विचारलं.

"बिल भरून झालंय," स्वोबोडाबाई म्हणाल्या. "गाडीत पेट्रोल भरता ना? त्यातला थोडा वाटा राज्याच्या निधीत जातो, अशाच बेवारशी टाक्या काढायला. लहान गावांनी मागितलं की मिळतं. पण मागायला हवं. जमीन गावाची, तेव्हा मागणी सभेने करायची."

सभा पुन्हा भरली. आता कुणी हसत नव्हतं, पण कुणी हातही वर करत नव्हतं. आल्विन आजोबा काठी टेकत उठले. "माझा भाऊ लढाईवर गेला, तो त्या खांबाला सलाम ठोकून. ते फुकट देतायत म्हणून मी खांब उपटू द्यायचा?"

बाबा मान खाली घालून बसले होते. आपण बोललो तर लोक म्हणणार, ह्याला कोपरा हवाय. ते कोरिनाला कळलं, आणि ती उठली.

"आजोबा, तुमच्या भावाने सलाम झेंड्याला ठोकला. नळीला नाही."

"फार शहाणी झालीस!"

"झालेच आहे. टाकी फुटली की पेट्रोल आधी आमच्या विहिरीत, मग तुमच्या. तुम्ही रोज सकाळी आमच्याकडे कॉफी ढोसता ना, ती त्याच पाण्याची. खरा खांब उभारू, शाळेच्या छपराएवढा उंच. पहिल्या दिवशी दोरी तुम्हीच ओढा. म्हणजे निदान 'कोण गेलं' हे तरी कुणी विचारणार नाही."

आजोबांनी मिशा चावल्या. "सोनेरी टोपी माझी," ते गुरगुरले, आणि सगळ्यात आधी त्यांचाच हात वर गेला.

टाकी निघाली मे महिन्यात. गाव घडीच्या खुर्च्या घेऊन जत्रेसारखं लोटलं. आईने कुखेनचे, म्हणजे मलई भरलेल्या केकचे, काप विकले, ते दुपारच्या आतच संपले. आतलं पेट्रोल उपसलं, वाफ पेटू नये म्हणून कोरड्या बर्फाचे तुकडे आत टाकले, तेव्हा सोनेरी टोपीखालून पांढरा धूर निघाला. "शेवटचा श्वास!" जेलिन किंचाळली. मग नळी कापून टोपी आजोबांच्या मांडीवर ठेवली, आणि क्रेनने टाकी उचलली. तळ गंजून पापडासारखा झालेला, पण फुटलेला नव्हता. स्वोबोडाबाईंनी खड्ड्यातली माती तपासायला नेली. थोडी काळी पडलेली तेवढी उचलली, बाकीची स्वच्छ ठरली.

ते कळलं त्या संध्याकाळी बाबा जेवायच्या टेबलावर उगाचच शीळ घालत होते. "शनिवारी कोपऱ्याच्या कागदांवर सही. सहा टेबलं, वर कापडी छत. रोनेट," ते आईकडे वळले, "तू आत बघ. बाहेरचं सगळं कोरिना सांभाळेल."

कोरिनाने काटा खाली ठेवला.

"आई, बाबा, या उन्हाळ्यात मी कॅफेत नाही. बाहेर जेलिन थांबेल, मी तिच्याशी बोलले आहे."

"आणि तू?" आईने विचारलं.

"शेजारच्या फ्रॉइडेनबर्ग गावात चर्चच्या मागे अशाच एका नळीवर पक्ष्यांचं घर ठोकलंय. टोलस्टाड गावात तर नळीला नाताळचे दिवे टांगतात. मी जाऊन वास घेऊन आले. मी दोन्हीकडच्या गावसभेत जाणार, उभी राहणार, विचारणार. आणि उत्तर मिळेपर्यंत बसणार नाही. ठरलंय माझं." तिने हात पुढे केला. "पिकअपची किल्ली द्या, बाबा. पेट्रोल तुम्ही भरा. तेवढाच निधीला हातभार."