अर्धवट कौतुक

उन्हाळा आला की आमच्या कोनेमाराच्या किनाऱ्यावर आयरिश शिकायला माणसं येतात. असतात आयर्लंडचीच, पण जन्मभर इंग्रजी बोललेली. आपलीच भाषा शिकायला फी भरतात आणि माझ्यासारखीच्या घरी उतरतात. मी त्यांना रांधून घालते आणि जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलू देत नाही. मीठ हवं तर आयरिशमध्ये मागा, नाहीतर अळणी खा. अळणी बटाटे खाऊन माझ्या घरात अजून कुणी मेलेलं नाही.

यंदा फिंटन आले होते. डब्लिनच्या बसमध्ये तिकीट तपासायचे, आता निवृत्त झालेत. अंगाने भरलेले, स्वभावाने लाजाळू. त्यांची आजी आयरिश बोलायची. ती गेल्यावर घरातली आयरिशही गेली, असं पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं आणि मग खूप वेळ चहा ढवळत बसले. वर्गात त्यांची गाडी पहिल्या धड्यावरच अडली होती. काहीही विचारलं तरी इंग्रजीत 'ग्रँड', म्हणजे मस्त चाललंय, म्हणायचे. डब्लिनकरांची ही खोडच आहे. छप्पर गळत असलं तरी ग्रँड, दाढ ठणकत असली तरी ग्रँड.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते फिरायला गेले आणि परतले ते उतरलेल्या चेहऱ्याने. सोडा ब्रेडला हात लावला नाही. 'कसं काय?' असं मी विचारलं तर म्हणाले, ग्रँड. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

हळूहळू बाहेर आलं. ते मॅकडाराच्या कुरणावरून चालले होते. मॅकडारा माझा शेजारी, सत्तरी ओलांडलेला, एकटा जीव. त्याच्या म्हाताऱ्या घोडीला यंदा शिंगरू झालं. करड्या रंगाचं, कपाळावर चांदणी, म्हणून नाव रेल्टीन, म्हणजे चांदणीच. घोडीचं वय बघता हे तिचं शेवटचंच. फिंटननी दगडी कुंपणापाशी उभं राहून मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि हिय्या करून आयरिशमध्ये म्हणाले, "किती सुंदर शिंगरू आहे. असं मी कुठेच पाहिलं नाही." वर्गाबाहेर, खऱ्या आयरिश बोलणाऱ्या माणसाशी बोललेलं आयुष्यातलं पहिलं वाक्य. मॅकडारा थांबून बघत राहिला. त्यांचं बोलणं संपलं तसा त्याचा चेहरा पडला. त्याने पाठ फिरवली आणि घोडीला न् शिंगराला हाकत तबेल्यात घेऊन गेला.

"माझी आयरिश ऐकून माणसं जनावरं आत नेतात," फिंटन म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. उद्याच्या बसने घरी जातो म्हणाले.

मला फार वाईट वाटलं आणि मॅकडाराचा रागही आला. सकाळी जाऊन त्याला चार शब्द सुनवायचे असं ठरवून झोपले. पण सकाळी तोच माझ्या मागच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. रेल्टीन कालपासून दुधाला तोंड लावत नव्हती. जनावरांचा डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला होता. त्याला दुखणं काही सापडलं नाही, वाट बघा एवढंच सांगून गेला.

"तुझ्या पाहुण्याने तिचं कौतुक केलं," मॅकडारा म्हणाला, "आणि वर आशीर्वाद दिला नाही."

मग सगळा उलगडा झाला. आमच्याकडे बाळाचं, वासराचं, अगदी जळणासाठी नीट रचलेल्या पीटच्या ढेकळांच्या ढिगाचंही नुसतं कौतुक करत नाहीत. लगेच 'बल ओ यीअ' म्हणायचं, म्हणजे देवाची कृपा असो. ते राहिलं तर दृष्ट लागते. आणि ती उतरवायची तर ज्याने कौतुक केलं त्यानेच परत यायचं, आशीर्वाद द्यायचा आणि हलकंसं थुंकायचं. दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही. आमच्या शिक्षकाने मात्र आशीर्वादांचा धडा शेवटच्या आठवड्यासाठी ठेवला होता. शहाणाच म्हणायचा.

"मग त्यांना सांग की," मी म्हटलं.

"काय सांगू? डब्लिनला जाऊन पबमध्ये सांगेल, कोनेमाराची माणसं अजून दृष्ट काढतात म्हणून. सगळे फिदीफिदी हसतील. तूही सांगू नकोस." तो टोपी फिरवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "पण नोरीन, घोडीला आता पुन्हा होणार नाही गं." एवढ्या वर्षांत मी त्याचे डोळे भरलेले पाहिले नव्हते.

मी त्याला आत बसवून चहा दिला. सांगणार नाही असं वचन मात्र दिलं नाही. तो गेला तशी मी जिना चढले. फिंटन बॅगेत मोजे कोंबत होते.

"तुमचं वाक्य बरोबर होतं," मी म्हटलं. त्या दिवशी मी इंग्रजीला मुभा दिली. "फक्त अर्धं होतं." आणि सगळं सांगून टाकलं.

ते पलंगावर बसलेच. "म्हणजे मी शिंगराला दृष्ट लावली?"

"लावली नाहीत हो, लागली. आता उतरवायचीय. बल ओ यीअ म्हणायचं आणि थुंकायचं."

"नोरीनबाई, बसमधल्या थुंकणाऱ्यांना खाली उतरवण्यात माझी सगळी नोकरी सरली."

"मग कसं थुंकतात ते चांगलं पाहिलं असेल."

ते हसले नाहीत. त्यांचा हात मोज्यावरच थांबला होता. "आजी माझा गालगुच्चा घेऊन हेच म्हणायची," ते म्हणाले. "बल ओ यीअ. मला वाटायचं, लाडाचं नाव असेल माझं." आणि त्यांनी ते पुन्हा म्हटलं, त्यांच्या आजीने म्हटलं असेल तसं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस त्यांच्या तोंडून एक अक्षर सरळ आलं नव्हतं.

आम्हाला येताना पाहून मॅकडाराने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. मी कुंपणाकडे बघत उभी राहिले. फिंटन तबेल्यात गेले, रेल्टीनच्या मानेवर हात ठेवला आणि 'बल ओ यीअ' म्हणाले. मग कुणी तिकीटवाला बघत नाही ना, अशी मागे नजर टाकून हळूच थुंकले.

काहीच झालं नाही. शिंगरू होतं तिथेच उभं. बाहेर रस्त्यावरून बस आली, थांबली आणि गेली, तरी फिंटन हलले नाहीत. कितीतरी वेळाने रेल्टीनने मान हलवली, घोडीच्या पोटाशी नाक घुसळलं आणि प्यायला लागली. चुरूचुरू आवाज तबेलाभर ऐकू येत होता.

इंजेक्शन लागू पडलं, असं डॉक्टर म्हणतो. म्हणू दे बापड्याला.

मॅकडाराने बाहीने नाक पुसलं. बाहेरगावचा माणूस दिसला की तो इंग्रजीत शिरतो, त्यांना सोपं जावं म्हणून. आज मात्र शिरला नाही. फिंटनकडे वळून, एकेक शब्द सुटा करून, आयरिशमध्येच म्हणाला, "तुमची आयरिश छान आहे."

खरं सांगायचं तर अजिबात नव्हती. पण फिंटनचा चेहरा असा उजळला की मॅकडारा एकदम दचकला.

"बल ओ यीअ," तो घाईघाईने म्हणाला, आणि फिंटनच्या बुटाशेजारी हलकेच थुंकला.