कॅन्टीनचं कार्ड

"काका, रविवारी रात्रीचं जेवण आमच्याकडे. बिल्कुल नाही म्हणायचं नाही!" समोरच्या रेवतीनं दारातूनच बजावलं आणि मारुतीरावांच्या मनात पाल चुकचुकली. आता कॅन्टीनचं निघणार!

मारुतीराव निवृत्त सुभेदार. नोएडातल्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, वर्षभरात बायको पार्वतीबाई गेल्या, आणि घरात उरले ते आणि त्यांचं फौजी कॅन्टीनचं कार्ड. त्या कार्डानं त्यांना माणसं ओळखायला शिकवलं होतं. इंग्रजांच्या काळापासून पलटण जाईल तिथं कॅन्टीन जात आलं. लेहच्या बर्फातही साबण, बिस्किटं, रम स्वस्तात मिळायची. बाहेरचं जग मिक्सरसाठी वणवण करत असताना फौजीच्या घरी तो सहज यायचा, मग नातेवाइकांना प्रेमाचं भरतं यायचं. साडू कुकर घेऊन गेला, मेहुणा पंखा. पार्वतीबाईंच्या तेराव्याला तर एका शेजाऱ्यानं हळूच विचारलं होतं, "सुभेदारसाब, इस महीने की रम बची है क्या?"

रेवती पुण्याची. नवरा अनिश कॉम्प्युटर कंपनीत. राहायला आल्यापासून कधी साबुदाण्याची खिचडी पाठव, कधी थालीपीठ. एवढं गोड कुणी फुकट वागत नसतं, हे मारुतीराव पुरते ओळखून होते. ही बया फ्रिज मागणार, असा त्यांचा कयास होता.

रविवारी ते गेले. फ्रिज होताच, कोरा करकरीत, दोन दारांचा. म्हणजे रम! पण अनिशनं ताकाचा पेला पुढं केला. मटकीची उसळ झाली, वरणभात झाला, पार्वतीबाईंच्या आठवणी निघाल्या, जिलेबीही झाली. कुणी काही मागेना. मारुतीरावांना घास गोड लागेना. निघताना त्यांनीच खडा टाकून पाहिला.

"कॅन्टीनमधून काही हवं असेल तर सांगा हो. संकोच नको."

"अय्या, नको काका. हल्ली सगळं इथं मार्केटमध्येच मिळतं ना! तुम्ही कशाला रांगेत उभे राहता?"

"मिक्सर? बॅगा? भावात फरक पडतो."

"खरंच काही नको."

"मग मला जेवायला बोलावलंत कशाला?"

बोलून गेले. अनिशनं मान खाली घातली. रेवतीचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्ही एकटे जेवता, काका," ती म्हणाली. "वाईट वाटतं, म्हणून."

मारुतीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथं माफी मागायला हवी होती. हुकूम सोडण्यात जन्म गेलेल्या जिभेला ते जमलं नाही. "बरं, येतो," एवढं म्हणून ते आपल्या घरात शिरले.

त्यानंतरही जिन्यात भेटली की रेवती "नमस्ते काका" म्हणायची, हसायचीसुद्धा. थांबायची मात्र नाही.

गणपतीत समोर आरती सुरू झाली. मारुतीरावांनी धुवट सदरा चढवला, चपला घातल्या, दार किलकिलं केलं आणि बोलावणं येईल म्हणून ते आतच थांबले. आरती संपली. प्रसाद वाटून झाला, माणसं हसतबोलत जिना उतरून गेली. मारुतीराव दाराआड तसेच उभे होते.